अमेरिकन फुटबॉलचे कोच युरोपात जातात, तेव्हा नेमकं काय होतं?

३ जानेवारी २०१६. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सची सीझनमधली शेवटची मॅच संपली. टीम जिंकली होती, तरी त्याच दिवशी हेड कोच जिम टॉमसुला यांना नारळ मिळाला. हेड कोच म्हणून एकच सीझन, ५ विजय आणि ११ पराभव. एनएफएलमध्ये एवढं पुरेसं असतं.

सप्टेंबर २०२३. जर्मनीतलं डुइसबर्ग शहर. युरोपियन लीग ऑफ फुटबॉलच्या फायनलमध्ये ऱ्हाइन फायर या टीमने स्टुटगार्ट सर्जला ५३-३४ असं हरवलं. अख्ख्या सीझनमध्ये या टीमने एकही मॅच गमावली नव्हती. साइडलाइनला कोच म्हणून कोण होतं? टॉमसुलाच.

गोष्ट इथे संपवली तर ती सिनेमासारखी वाटेल. पण अमेरिकन कोचने युरोपात जाऊन काम करणं म्हणजे काय, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आधी खेळ थोडक्यात

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. लांबट आकाराचा बॉल, हेल्मेट, खांद्यावर पॅड, दोन्हीकडे ११-११ खेळाडू. चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर बॉल समोरच्या टीमकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाआधी खेळ थांबतो आणि कोण कुठे पळणार, कोण कुणाला अडवणार हे आधीच ठरलेलं असतं. या ठरलेल्या चालींची वहीच असते, तिला प्लेबुक म्हणतात. क्रिकेटमध्ये मैदानावरचे बरेचसे निर्णय कॅप्टन घेतो. इथे ते बहुतांश कोचच्या डोक्यातून येतात. म्हणूनच अमेरिकेत कोच हा मोठा माणूस असतो. कॉलेजच्या टीमचा कोच सुद्धा त्या राज्यात सेलिब्रिटी असतो.

पहिली लाट: एनएफएलने स्वतःच पाठवलेले कोच

१९९१ मध्ये एनएफएलच्या पाठिंब्याने वर्ल्ड लीग सुरू झाली. १० टीम, त्यातल्या तीन युरोपातल्या: लंडन, बार्सिलोना आणि फ्रँकफर्ट. बार्सिलोना ड्रॅगन्सने आणले जॅक बिकनेल. हे आधी बोस्टन कॉलेजचे कोच होते. १९८४ मध्ये डग फ्लूटीने मायामीविरुद्ध शेवटच्या सेकंदाला टाकलेला तो प्रसिद्ध लांब पास आजही अमेरिकेत दाखवला जातो, त्या टीमचे हे कोच. बार्सिलोनात त्यांच्याकडे असं प्रेक्षकवर्ग होता, ज्यातल्या बहुतेकांना टचडाउन म्हणजे काय हेही नवीन होतं.

तरीही पहिल्याच वर्षी बार्सिलोना फायनलला पोहोचली. वेम्ब्लीवर ६१,१०८ प्रेक्षकांसमोर लंडनने त्यांना २१-० हरवलं. १९९२ नंतर लीग थांबली आणि १९९५ मध्ये फक्त युरोपातल्या सहा टीम घेऊन परत आली. १९९७ मध्ये बिकनेल यांच्या बार्सिलोनाने घरच्या मैदानावर ऱ्हाइन फायरला ३८-२४ हरवून कप जिंकला.

लोकांना मैदानात कसं आणायचं, यावर टीमनी काढलेला तोडगा भन्नाट होता. पायाने बॉल मारायचं काम, म्हणजे किकर, हे स्थानिक स्टारला द्यायचं. बार्सिलोनासाठी हेसूस अँगॉय किक मारायचे. ते एफसी बार्सिलोनाचे गोलकीपर आणि योहान क्रायफ यांचे जावई. स्कॉटिश क्लेमोर्सने १९९६ मध्ये रग्बीतले स्कॉटलंडचे माजी कॅप्टन गॅविन हेस्टिंग्ज यांना घेतलं. ऱ्हाइन फायरकडे मानफ्रेड बुर्गस्म्यूलर होते, बुंडेसलीगात २१३ गोल केलेले. ते २००२ पर्यंत खेळले, तेव्हा त्यांचं वय होतं ५२!

बाकी टीम मात्र मुख्यतः अमेरिकन. एनएफएलच्या टीम आपल्या बेंचवरचे तरुण खेळाडू वसंतात युरोपात पाठवायच्या, सुमारे दहा मॅच खेळवायच्या आणि परत बोलवायच्या. कधीकाळी सुपरमार्केटमध्ये रॅकवर माल लावणारा कर्ट वॉर्नर १९९८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमकडून खेळला आणि जानेवारी २००० मध्ये सुपर बोल जिंकला. टॉमसुला यांची युरोपातली सुरुवातही १९९८ चीच. इंग्लंड, स्कॉटलंड, बर्लिन अशा टीमबरोबर काम करत २००६ मध्ये ते ऱ्हाइन फायरचे हेड कोच झाले. त्याआधी अमेरिकेत एका छोट्या कॉलेजमध्ये कोचिंग करताना त्यांनी गाडीत झोपून दिवस काढले होते. त्यामुळे युरोपात जाणं ही त्यांच्यासाठी पायरी उतरणं नव्हतं, ती चढण होती.

मग २३ जून २००७ ला फ्रँकफर्टमध्ये ४८,१२५ लोकांसमोर फायनल झाली. सहाव्या दिवशी एनएफएलने लीग बंद केल्याचं जाहीर केलं. सगळ्या टीमच्या कोचिंग स्टाफचं काम एका घोषणेत संपलं.

दुसरं जग: क्लब

एनएफएल येण्याआधीही युरोपात हा खेळ होता आणि गेल्यावरही राहिला. जर्मनीत १९७९ पासून स्वतःची लीग आहे. या खेळाचं बी तिथे रुजलं ते मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर तळ ठोकून बसलेल्या अमेरिकी सैनिकांमुळे. ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्स, स्वीडन, फिनलंड इथेही लीग आहेत. आज युरोपात जाणाऱ्या बहुतेक अमेरिकन कोचना हे जग भेटतं, आणि धक्का बसतो तो इथेच.

अमेरिकेत कोच खेळाडूला निवडतो. स्कॉलरशिप, जागा, मैदानावरचे मिनिट, सगळं त्याच्या हातात. जर्मनीत क्लब ही सभासदांची नोंदणीकृत संस्था असते. खेळाडू वर्गणी भरून खेळतात. जो माणूस स्वतःच्या खिशातून पैसे देऊन, दिवसभर गॅरेजमध्ये किंवा हॉस्पिटलमध्ये काम करून संध्याकाळी सरावाला येतो, त्याला कोच ओरडून किती सांगणार? तो उद्या आलाच नाही, तर त्याच्या जागी उभं करायला बेंचवर दुसरा असेलच याची खात्री नसते.

वेळेचं गणितही वेगळं. अमेरिकन कॉलेजमध्ये नियमानेच आठवड्याला २० तास सराव चालतो. ती कमाल मर्यादा आहे, आणि तीही कोचना कमी वाटते! युरोपातल्या क्लबमध्ये आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळ मिळतात. कुणाची शिफ्ट, कुणाची परीक्षा, कुणाची ट्रेन लेट. त्यामुळे नव्याने आलेल्या कोचला पहिली कात्री लावावी लागते ती स्वतःच्या प्लेबुकला. शंभर चाली येणारी टीम बनवण्यापेक्षा वीस चाली न चुकता करणारी टीम बरी.

भाषेची अडचण मात्र वाटते तेवढी नसते. चालींची नावं, खुणा, शिव्या, सगळं इंग्रजीतच चालतं. मीटरमध्ये जगणारी माणसं मैदानावर यार्ड मोजतात. अडचण दुसरीकडे आहे. टेक्सासमधल्या मुलाने लहानपणापासून दर वीकेंडला हा खेळ पाहिलेला असतो. युरोपातल्या मुलाला तो अनेकदा पंधराव्या-सोळाव्या वर्षी भेटतो. त्यामुळे ‘हे तर सगळ्यांनाच माहीत असतं’ असं समजून सोडून दिलेली गोष्ट कोचला अगदी पहिल्यापासून शिकवावी लागते. खाली वाकून कसं उभं राहायचं, डोकं वाचवून टॅकल कसा करायचा, इथपासून.

तरी गुणवत्ता नाही असं कुणी म्हणू नये. सेबास्टियन फॉलमरने चौदाव्या वर्षी ड्युसेलडॉर्फ पँथर क्लबमध्ये सुरुवात केली आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्सबरोबर दोन सुपर बोल जिंकले. मोरित्झ ब्योरिंगरने तर हा खेळ यूट्यूबवर पाहिला. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेजचं तोंडही न पाहता थेट जर्मन क्लबमधून एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला युरोपियन.

दोनच अमेरिकन

आयपीएलमध्ये एका टीममध्ये चारच परदेशी खेळाडू उतरवता येतात, हे आपल्याला माहीत आहे. जर्मन लीगमध्ये असाच नियम आहे आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या युरोपियन लीगमध्येही तो होता: मैदानावर एका वेळी दोनच अमेरिकन.

मग कोच त्यातला एक कुठे वापरणार? बहुतेक वेळा क्वार्टरबॅकच्या जागी, कारण प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. ऱ्हाइन फायरचा २०२३ चा क्वार्टरबॅक जेड्रियन क्लार्क हाही अमेरिकनच. याचा फटका बसतो स्थानिक पोराला. त्याचा हात कितीही चांगला असला, तरी मोठ्या टीममध्ये गेल्यावर त्याला सांगितलं जातं की तू रिसीव्हर हो. कोचलाही हे दिसत असतं. पण त्याचा करार बहुतेकदा एक-दोन सीझनचा असतो आणि क्लबला निकाल यंदाच हवा असतो. पाच वर्षांनी तयार होणाऱ्या क्वार्टरबॅकचं श्रेय पुढच्या कोचला मिळणार. इथे दोष एकट्या कोचला देणं अन्यायाचं आहे.

आणि टीम पाच वर्षं टिकेलच असंही नाही. युरोपियन लीगमधली लाइपझिग किंग्ज ही टीम २०२३ मध्ये पैशांअभावी सीझनच्या मध्यातच बाहेर पडली. परदेशी माणसासाठी याचा अर्थ फक्त पगार थांबणं नसतो. राहायची जागा अनेकदा क्लबने दिलेली असते आणि तिथे राहण्याचा परवाना नोकरीवर अवलंबून असतो.

आता काय चाललंय?

टॉमसुला यांच्या ऱ्हाइन फायरने २०२४ ची फायनलही जिंकली, व्हिएन्ना व्हायकिंग्जविरुद्ध ५१-२०. दुसरीकडे एनएफएल स्वतःच्या मॅच युरोपात भरवतेय. २०२२ मध्ये म्युनिक, २०२५ मध्ये डब्लिन, बर्लिन आणि माद्रिद. स्टेडियम भरतात, पण ते एका दिवसापुरतं. खेळाडू, कोच, सगळे आठवड्याभरात परत अमेरिकेत.

क्लबांचं लक्ष सध्या वेगळ्याच गोष्टीकडे आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल असणार आहे. पाच-पाच खेळाडू, टॅकल नाही, समोरच्याच्या कमरेची पट्टी ओढली की खेळ थांबला. ऑलिंपिक म्हटलं की सरकारी निधीची दारं उघडतात, त्यामुळे अनेक देशांच्या संघटना तिकडे वळल्या आहेत आणि त्यांना कोच हवे आहेत. गंमत अशी की टॉमसुला यांची सगळी हयात ज्यात गेली, ती डिफेन्सिव्ह लाइन, म्हणजे अंगावर अंग घालून समोरच्याला मागे रेटणारी धिप्पाड माणसं. फ्लॅग फुटबॉलमध्ये ती जागाच नाही.