शांततेची जडणघडण : आर्वो पॅर्ट यांचे धार्मिक समूहगान

विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत युरोपातील धार्मिक समूहगानाला जो नवा श्रोतृवर्ग लाभला, त्याचे श्रेय सामान्यतः त्या संगीतातील शांततेला दिले जाते. पोलंडचे गुरेत्स्की, इंग्लंडचे टॅव्हनर आणि एस्तोनियाचे आर्वो पॅर्ट या तिघांना समीक्षकांनी एकाच नावाखाली गोवले, तेही बव्हंशी याच गुणामुळे. परंतु शांतता हा परिणाम होय, कारण नव्हे. तो परिणाम कोणत्या परिस्थितीतून व कोणत्या नियमांतून सिद्ध झाला, हे पाहिल्यावाचून त्याचे यथार्थ मूल्यमापन संभवत नाही. या दृष्टीने पॅर्ट यांचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

पॅर्ट यांचा जन्म १९३५ साली पाइदे येथे झाला. त्यांचे संगीतशिक्षण तालिन येथे सोव्हिएत अमलाखाली झाले. १९६० साली त्यांनी ‘नेक्रोलॉग’ ही बारा स्वरांच्या पद्धतीची रचना केली आणि अधिकृत वर्तुळांचा रोष ओढवून घेतला. १९६८ साली तालिन येथे नेमे यार्वी यांच्या संचालनाखाली सादर झालेल्या ‘क्रेडो’मध्ये त्यांनी बाखच्या एका प्रास्ताविकेस कर्कश स्वरसमूहांसमोर उभे केले. ख्रिस्तावरील श्रद्धेचा तो उघड उच्चार राज्यकर्त्यांना मानवला नाही व सोव्हिएत संघात ती कृती पुढे दीर्घकाळ वर्ज्य ठरली.

यानंतरची आठ वर्षे जवळजवळ मौनाची होत. १९७१ ची तिसरी सिंफनी हा त्यातील ठळक अपवाद. या काळात पॅर्ट यांनी ग्रेगोरियन पठणाचा व प्राचीन बहुस्वर गायनाचा अभ्यास केला. १९७६ मध्ये ‘टिंटिनाबुली’ ही पद्धती अवतरली. लॅटिनमध्ये या शब्दाचा संबंध लहान घंटांशी आहे. तिचा नियम साधा आहे. एक आवाज स्वरसप्तकात पायरीपायरीने चालतो. दुसरा केवळ एका त्रिस्वरी स्वरमेळातील स्वरच घेतो. येथे तंबोऱ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु तंबोरा आपल्या जागी स्थिर राहतो, तर हा दुसरा आवाज पहिल्याच्या प्रत्येक पावलागणिक आपले स्थान बदलतो. त्यामुळे उभयतांत वारंवार विसंवाद निर्माण होतो आणि रूढ पद्धतीने त्याचे निराकरण केले जात नाही. तात्पर्य, या संगीतातील शांतता विसंवादाच्या अभावातून आलेली नाही. विसंवादाला नियमात बसविल्यामुळे ती आली आहे.

समूहगानात या नियमाला शब्दांची जोड मिळते. १९८२ सालच्या ‘पासिओ’ या लॅटिन कृतीत योहानच्या शुभवर्तमानातील वधस्तंभाची कथा आहे. तीत स्वरांची लांबी व वाक्यांनंतरचा विराम विरामचिन्हांवरून ठरतो. रचनाकाराच्या भावनेला स्वैर वाव जवळजवळ उरत नाही. छळ, नकार व मृत्यू यांचे हे कथन शांत भासते ते याच संयमामुळे. दुःख तेथे झाकलेले नाही. केवळ त्याचा आक्रोश टाळलेला आहे.

१९८० मध्ये पॅर्ट कुटुंबाने देश सोडला. व्हिएन्नामार्गे ते बर्लिनला स्थिरावले. १९९१ साली एस्तोनिया स्वतंत्र झाला. ‘कानोन पोकायानेन’ हे चर्च-स्लाव्होनिक भाषेतील पश्चात्तापाचे स्तोत्र वाद्यांच्या साथीवाचून गावयाचे आहे. ते १९९८ मध्ये कलोन येथील कॅथीड्रलमध्ये प्रथम सादर झाले, आणि गायक होते तोनु काल्युस्ते यांच्या संचालनाखालील एस्तोनियन वृंद. ज्या देशात श्रद्धेच्या उच्चारामुळे ‘क्रेडो’ वर्ज्य ठरले होते, त्याच देशातील गायकांनी तीस वर्षांनंतर हे स्तोत्र जगापुढे ठेवले.

हा क्रम ध्यानात घेता, या संगीताला केवळ विश्रांतीचे साधन मानणे अपुरे ठरते. श्रोत्याला त्यातून विसावा मिळतो हे निर्विवाद होय. परंतु तो विसावा मौन, निर्बंध आणि कठोर शिस्त यांच्या मोबदल्यात मिळविलेला आहे. ती किंमत विस्मरणात गेल्यास उरते ती केवळ मधुरता, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तेवढ्यावर समाधान मानता येणार नाही.