क्राइस्ट चर्च, लँकेस्टर काउंटी

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, लँकेस्टर काउंटीमधील आयर्व्हिंग्टन व वीम्स या गावांजवळचे अठराव्या शतकातील विटांचे ग्रामीण चर्च. बांधकाम सुमारे १७३० ते १७३५. पोटोमॅक आणि रॅपहॅनक या नद्यांमधील नॉर्दर्न नेक हा भाग तंबाखूच्या मळ्यांचा होता. मळेवाले नदीकाठी विखरून राहत, त्यामुळे येथे शहरे फारशी वाढली नाहीत. एवढी देखणी वास्तू आडबाजूला उभी आहे, ती यामुळेच.

चर्च बांधून घेतले रॉबर्ट कार्टर (१६६३–१७३२) याने. त्याच्याकडे सुमारे तीन लाख एकर जमीन होती आणि शेकडो गुलाम होते. नॉर्दर्न नेकच्या इंग्रज जमीनमालकांचा तो मुखत्यार होता, शिवाय १७२६-२७ मध्ये व्हर्जिनियाचा हंगामी गव्हर्नरही. लोक त्याला ‘किंग’ कार्टर म्हणत. याच जागी त्याचे वडील जॉन कार्टर यांच्या पुढाकारातून उभारलेले, १६७० मध्ये पूर्ण झालेले लाकडी चर्च होते. नवे चर्च अन्यत्र बांधावे असा विचार निघाला, तेव्हा आईवडिलांच्या थडग्यांची जागा सुटू नये म्हणून रॉबर्टने सारा खर्च स्वतः उचलण्याची तयारी दाखवली. बदल्यात वेदीजवळचा भाग कुटुंबाच्या दफनासाठी आणि एक ऐसपैस आसनकप्पा घरच्यांसाठी राखून घेतला. हे दान होतेच, पण त्याला सौद्याचीही बाजू होती. चर्च पूर्ण होण्याआधीच तो वारला. वास्तुरचनाकार कोण होता, हे ज्ञात नाही.

आराखडा क्रॉसच्या आकाराचा असून चारही भुजा जवळजवळ सारख्या लांबीच्या आहेत. मनोरा किंवा शिखर नाही. चारी बाजूंनी उतरणारे छप्पर वळचणीपाशी किंचित बाहेर झुकते आणि तेवढ्याने इमारतीचा जडपणा हलका होतो. भिंती सुमारे ३ फूट जाड आहेत. बांधणी फ्लेमिश पद्धतीची: एकाच थरात एक वीट लांबीच्या बाजूने आणि तिच्या शेजारची टोकाच्या बाजूने दर्शनी, असा क्रम सर्वत्र पाळलेला. चुन्यासाठी कालवांचे शिंपले भाजत, जसा आपल्या कोकणात शिंपल्यांचा चुना पाडत.

खरे कसब दिसते ते दारांपाशी. तिन्ही दारांच्या चौकटी, बाजूचे चपटे खांब आणि वरचे शीर्ष, सारे वीट घासून, तासून, बारीक सांध्यांनी जोडून घडवले आहे. घासलेल्या विटेचा रंग भोवतालच्या भिंतीपेक्षा अधिक लाल आणि एकसारखा दिसतो, म्हणून दार लांबूनच उठून दिसते. दगडात करायचे काम विटेत करण्याची ही रीत इंग्लंडमधून आली. वसाहतकालीन अमेरिकेत तिचे याहून सरस उदाहरण क्वचितच सापडेल. दारांवर लंबगोल खिडक्या आहेत, इतरत्र उंच कमानदार खिडक्या.

आत गिलाव्याचे कमानदार छत सुमारे ३३ फूट उंचीवर आहे. दोन डझनांहून थोडे अधिक उंच पाठीचे आसनकप्पे आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र दार. आत बसलेल्या माणसाला शेजारचा कप्पा दिसत नसे, धर्मोपदेशक मात्र दिसे. कारण व्यासपीठ तीन मजली आहे: तळाशी कारकून, मध्ये प्रार्थनावाचन, माथ्यावर प्रवचन, आणि त्याही वर आवाज खाली परतवणारे लाकडी छत्र. वेदीमागची अक्रोडाच्या लाकडाची चौकट आणि संगमरवरी बाप्तिस्माकुंड जुनीच आहेत. कार्टरची बग्गी येईपर्यंत मंडळी बाहेर ताटकळत आणि तो आत गेल्यावर मागोमाग शिरत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, आसनांची मांडणी तिला साजेशी आहे.

जॉन कार्टर, त्याच्या पत्नी व मुले यांची थडगी चर्चमध्ये आहेत. रॉबर्ट व त्याच्या दोन पत्नींची नक्षीदार थडगी पूर्वेकडील भिंतीबाहेर आहेत. ती पुढे फुटली होती, नंतर सांधून उभी करण्यात आली.

वसाहतकाळात इंग्लंडचे चर्च हेच व्हर्जिनियाचे राजधर्मपीठ होते. १६९६ च्या कायद्याने धर्मगुरूचे वार्षिक वेतन १६,००० पौंड तंबाखू ठरले होते आणि ते पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतील वस्तीच्या, करातून भागवले जाई. स्वातंत्र्यानंतर हा आधार तुटला. १७८६ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, १८०२ मध्ये पॅरिशच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी झाली. क्राइस्ट चर्च ओस पडले, उपासना अधूनमधूनच होई. एकोणिसाव्या शतकात अनेक जुनी चर्चे नव्या आवडीनुसार बदलण्यात आली. कप्पे मोडून बाके आली, व्यासपीठे छाटली गेली. येथे तसे करायला पैसा नव्हता आणि माणसेही नव्हती. अठराव्या शतकाचा अंतर्भाग टिकला तो या उपेक्षेमुळे. स्थानिक भक्तीला त्याचे श्रेय देण्याची प्रथा आहे, पण ते अर्धेच खरे.

१९५८ मध्ये जतनासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले, १९६१ मध्ये वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. आता येथे संग्रहालय आहे आणि उन्हाळ्यात रविवारची उपासना होते. विल्यम्सबर्गमधील १७१५ चे ब्रूटन पॅरिश चर्च अधिक प्रसिद्ध असले तरी त्याचा अंतर्भाग वारंवार बदलून पुन्हा घडवलेला आहे. वसाहतकालीन चर्चचा मूळ अंतर्भाग पाहायचा असेल, तर लँकेस्टर काउंटीच गाठावी.