हरित इमारती, बंगळूरू
बंगळूरूत हरित इमारतीची सक्ती प्रमाणपत्रातून नव्हे, पाण्यातून सुरू झाली. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपांनी वर चढवून आणणाऱ्या या शहरात जलमंडळाच्या कायद्यात २००९ साली दुरुस्ती होऊन पर्जन्यजल संकलन बंधनकारक झाले: ६० बाय ४० फुटी किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील जुन्या आणि ३० बाय ४० फुटी किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना. गच्चीचे पाणी पन्हळीतून नळात येते, पहिल्या सरीचे गढूळ पाणी सोडून देतात, उरलेले वाळू-खडीतून गाळून टाकीत किंवा शोषखड्ड्यात जाते. १,२०० चौरस फूट गच्चीवर वर्षाला सुमारे एक लाख लिटर पाऊस पडतो. ही व्यवस्था न करणाऱ्यांच्या पाणीबिलावर अधिभार बसतो. उलट, सौर बंबासाठी वीजबिलात सवलत मिळत आली आहे, पण ती महिन्याला जेमतेम ५० रुपयांपर्यंत.

‘गृह’ व ‘आयजीबीसी’ ही हरित इमारतींची मानांकने मात्र मुळात ऐच्छिक आहेत. ती मिळवणाऱ्या इमारतींना महाराष्ट्राने २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मानांकनानुसार ३, ५ व ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र देऊ केले. बांधकाम व्यावसायिकाला हरित बांधकामाकडे वळवण्यास वीजबिलातील किरकोळ सवलतीपेक्षा हा मार्ग अधिक परिणामकारक ठरावा.