फादर लाफों यांचा जादूचा कंदील

इ. स. १८६५ मध्ये बेल्जियमचे एक तरुण जेझुइट पाद्री, यूजीन लाफों, कलकत्त्यास येऊन तेथील सेंट झेवियर्स कॉलेजात विज्ञान शिकवू लागले, तेव्हा आपल्या देशात विज्ञान हा विषय बहुतांशी ऐकण्याचा आणि घोकण्याचा होता. कलकत्ता, मुंबई व मद्रास या तिन्ही इलाख्यांच्या राजधान्यांत १८५७ साली विश्वविद्यालये स्थापन झाली होती खरी. परंतु त्यांचे मुख्य काम परीक्षा घेण्याचे व पदव्या देण्याचे असल्यामुळे, ज्याने हवेचा पंप उभ्या जन्मात पाहिला नाही अशा विद्यार्थ्यानेही वातावरणाच्या दाबावरील उतारा मुखोद्गत करून उत्तीर्ण व्हावे, यात फारसे कोणास वावगे वाटत नसे. लाफों यांना ते वाटले. त्यांनी कॉलेजात प्रयोगशाळा उभारली, वेधशाळेची तजवीज केली, आणि युरोपातून मागविलेली नवनवी उपकरणे वर्गात व जाहीर व्याख्यानांत सर्वांसमक्ष चालवून दाखविण्याचा शिरस्ता पाडला.

या व्याख्यानांचे एक प्रमुख साधन जादूचा कंदील हे होते. तो काही नवा नव्हता. डच शास्त्रज्ञ ह्यूगेन्स याने सतराव्या शतकाच्या मध्यावर तो रचला आणि त्यानंतर दीर्घकाळ तो मुख्यत्वे खेळवाल्यांच्या हाती राहिला. विद्वानांच्या सभागृहात त्यास मान मिळाला तो त्याचा उजेड वाढल्यावर. एकोणिसाव्या शतकात प्राणवायू व हायड्रोजन यांच्या संयुक्त ज्योतीत चुन्याची कांडी तापवून डोळे दिपविणारा शुभ्र प्रकाश मिळविण्याची युक्ती निघाली, आणि शेकडो श्रोत्यांस एकाच वेळी दिसेल एवढे चित्र पडद्यावर पाडणे शक्य झाले. मात्र हे काम सोपे नव्हते. ज्योतीने कांडीला खळगा पडू नये म्हणून ती अधूनमधून फिरवीत राहावे लागे. वायूंच्या पिशव्यांवरील वजनात चूक झाली तर स्फोटाचे भय असे. आणि सव्वातीन इंच चौरस इंग्रजी काच खाली डोके वर पाय अशीच सरकवावी लागे, कारण भिंग प्रतिमा उलटी करते. अशा व्याख्यानांत कंदील सांभाळणारा इसम एका टोकास व वक्ता दुसऱ्या टोकास, असा प्रकार असे. वक्त्याने काठी आपटली किंवा घंटी वाजविली की पुढची काच येई. बोलणे आणि दाखविणे यांचा मेळ बसविण्याची ही कला पुस्तकातून येणारी नव्हती. कंदिलाच्या जोडीस लाफों यांनी एडिसनचा फोनोग्राफही श्रोत्यांस ऐकविला. म्हणजे चित्र, ध्वनी व प्रत्यक्ष प्रयोग ही तिन्ही साधने एकोणिसाव्या शतकातच एका व्याख्यात्याच्या मेजावर येऊन बसली होती.

आपल्याकडे कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास याच कंदिलाची ‘शांबरिक खरोलिका’ केली, आणि हाताने रंगविलेल्या काचा झपाझप बदलून रामायण-महाभारतातील पात्रे पडद्यावर हलती केली. रंजनात ती लाफों यांच्या प्रयोगांहून तसूभरही उणी नसावी; हेतू तेवढा निराळा.

लाफों यांचा हेतू कोणता, हे डॉ. महेंद्रलाल सरकार यांच्या उद्योगात स्पष्ट दिसते. स्वदेशीयांनी विज्ञानाची उपासना करावी म्हणून स्वतंत्र संस्था काढण्याची कल्पना सरकार यांनी १८६९ साली मांडली. वर्गण्या जमवून १८७६ मध्ये ती संस्था बहूबाजार रस्त्यावर उभी राहिली. त्यापेक्षा कारागिरीची शाळा काढावी असा दुसरा पक्ष होता. तेव्हा, हिंदी लोकांस कायमचे युरोपियनांच्या देखरेखीखाली राबणारे मिस्त्री करून ठेवायचे काय, असा सडेतोड आक्षेप या परदेशी पाद्र्यानेच घेतला. संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षे व्याख्याने दिली.

येथे मात्र एक कटू गोष्ट नमूद केली पाहिजे. व्याख्याने होत राहिली, पण ती ऐकून कोणी संशोधनास बसला असे क्वचितच घडले. पूर्णवेळ अध्यापक नेमण्याइतका निधी कधी साठला नाही, आणि १९०४ साली सरकार निवर्तले ते संस्थेविषयी निराश होऊनच. दोष कंदिलाचा नव्हता. पाहून चकित होणे ही ज्ञानाची पहिली पायरी असली तरी दुसरीसाठी वेतन, वेळ व उपकरणे लागतात, आणि यांची तरतूद व्याख्यानाच्या टाळ्यांतून होत नाही.

लाफों यांच्या वर्गाचे फळ दिसले ते अन्यत्र. त्यांचे विद्यार्थी जगदीशचंद्र बोस १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले व प्रयोग करून शिकविण्याची गुरूची रीत त्यांनी पुढे चालविली. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये अदृश्य लहरींनी भिंतींपलीकडील घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून त्यांनी मान्यवरांस थक्क केले आणि १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपल्या संशोधनावर प्रयोगांसह व्याख्यान दिले. लाफों १९०८ साली वारले. त्याच्या आदल्याच वर्षी शासनाच्या हिशेबखात्यातला चंद्रशेखर व्यंकट रामन नावाचा एक तरुण अधिकारी बहूबाजारच्या त्या इमारतीत शिरला होता. तो कचेरीच्या कामाआधी व कामानंतर तेथील प्रयोगशाळेत येऊन स्वतःचे प्रयोग करू लागला.