आठव्या महिन्याचं मूल

सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. आमच्या फ्रीगंजातल्या जुन्या मराठी घरांत हे अजून ऐकू येतं. सून सातव्यात असली तर म्हाताऱ्या निश्चिंत, आठवा लागला की काळजीत.

ही समजूत स्वयंपाकघरात जन्मलेली नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आहे. आठव्या महिन्यात ओज आई आणि गर्भ यांच्यात ये-जा करतं, कुणापाशीच ठरत नाही, म्हणून तेव्हाची प्रसूती धोक्याची. हा महिना मोजूच नये, इथपर्यंत वैद्य म्हणतात. गंमत बघा, ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटीसच्या नावावरच्या ग्रंथांतही आठव्याबद्दल हीच भीती आहे. आजचे डॉक्टर उलट सांगतात: पोटात जितके आठवडे जास्त, तितकं मूल सुरक्षित. उज्जैनच्या माता-बाल रुग्णालयाला चरकाचंच नाव दिलंय आणि तिथल्या नवजात कक्षात आठव्यातली मुलंही सांभाळतात.

समजूत चुकीची, पण प्रश्न खरा. मूल बाहेर येऊन जगेल असं कधीपासून धरायचं?

इंग्रजांच्या 1860 च्या दंडविधानाने रेषा मुलाच्या हालचालीवर ओढली. आईचा जीव वाचवण्यासाठी नसेल तर गर्भपाताला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, मूल हलू लागल्यावर सात. शिक्षा बाईलाही होती. तरी गर्भपात थांबले नाहीत, चोरून होत राहिले आणि बायका मरत राहिल्या. त्यामुळे 1964 साली महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल 1966 चा, कायदा 1971 चा. त्यात मर्यादा 20 आठवड्यांची. आमच्या जैन घरांत पाणीसुद्धा गाळून घेतात, तिथे गर्भपात हा शब्द हळूच उच्चारतात. मला मात्र या कायद्याला नावं ठेवता येत नाहीत. मरत होत्या त्या बायकाही जीवच होत्या.

2021 मध्ये काही ठरावीक स्त्रियांसाठी मर्यादा 24 आठवडे झाली. गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही.

आणि मग ऑक्टोबर 2023. दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर औषधं चालू, दिवस गेलेत हे उशिरा कळलेलं, 26 वा आठवडा. सुप्रीम कोर्टाने आधी गर्भपाताला परवानगी दिली. तेव्हा एम्सच्या डॉक्टरांनी विचारलं, हे मूल जिवंत जन्मण्याची बरीच शक्यता आहे, मग आम्ही आधी त्याचं हृदय बंद करायचं का? न करता आत्ताच प्रसूती केली, तर मूल कमी दिवसांचं, जन्मभराच्या अपंगत्वाची भीती. दोन न्यायाधीशांत मतभेद झाले, प्रकरण तिघांपुढे गेलं आणि 16 तारखेला परवानगी नाकारली. प्रसूतीचा खर्च सरकार करेल, मूल दत्तक देता येईल, असं ठरलं. कोर्ट निर्दय होतं असं मी म्हणणार नाही. पण उरलेले आठवडे त्या बाईने कसे काढायचे, हे प्रसूतीच्या खर्चात कुठे बसतं?

आठवडे मोजून कायदा रेषा ओढतो. जगणं मात्र मूल कुठे जन्मलं आणि त्याला कुणी सांभाळलं, यावरही ठरतं. याचा पुरावा गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून 39 गावांत गावच्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. घरी जाऊन वजन करायचं, बाळ उबदार पिशवीत ठेवायचं, अंगावर पाजायला आईला मदत करायची, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शन द्यायचं. काचेची पेटी नाही, मशीन नाही. हजारी 62 नवजात बालकं दगावत होती, 1997-98 पर्यंत तो आकडा 25 च्या आसपास आला. कमी दिवसांची आणि कमी वजनाची मुलं त्याच झोपड्यांत वाचली. ‘लॅन्सेट’मध्ये 1999 ला हे छापून आलं आणि 2011 पासून देशभर आशाताई घरोघर नवजात बाळ बघायला जाऊ लागल्या. बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी आल्यावर बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा फेऱ्या. काटा आणि थर्मामीटर पिशवीत घेऊन.