दासगावच्या रानवाटेवरील तीन परकी झुडपे : नावांचा पुरावा

सावित्रीकाठचे दासगाव हे एके काळचे नांदते बंदर. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी मुंबईहून बोटीने आले, ते येथेच उतरले. या गावामागील डोंगरात गुरांच्या वाटेने चढू लागले की घाणेरी, रानमोडी आणि रानतुळस ही तीन झुडपे पुनःपुन्हा आडवी येतात. तिन्ही मूळची अमेरिका खंडातील. गाव बंदराचे, तेव्हा तीही गलबतांतून येथे उतरली असावीत, असा तर्क सहज सुचतो. तो नावांच्या आधारे तपासून पाहणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

पोर्तुगीजांच्या द्वारे आलेली काजू, पपई, अननस ही फळे आपली नावे बरोबर घेऊन आली. ती लोकांना हवी होती. आणि जो वस्तू घेतो तो तिचे नावही विचारतो. याउलट ‘घाणेरी’ व ‘रानमोडी’ ही नावे अस्सल मराठी आहेत. एक वासावरून पडले, दुसरे वर्तनावरून. यावरून असे अनुमान निघते की, ही झुडपे कोणी कोणाकडून हातोहात घेतली नाहीत. रानात त्यांचा उपद्रव जाणवला तेव्हा लोकांनी त्यांचे बारसे केले. लिखित पुरावा याच्याशी जुळतो. घाणेरी १९व्या शतकाच्या पहिल्या दशकात, तर रानमोडी १८४० च्या दशकात कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली. बागेत ‘लँटाना’ म्हणून कौतुक झालेले झुडूप रानात ‘घाणेरी’ ठरले. रानमोडीचे शास्त्रीय विशेषण ‘ओडोराटा’, म्हणजे सुगंधी! बंदराच्या तर्काला नावे दुजोरा देत नाहीत.

तथापि नाव हा पुरावा असला तरी निर्णय नव्हे. ‘रानतुळस’ या नावाने परकेपणा उघड होण्याऐवजी झाकला जातो. शिवाय तुळशीच्या कुळातील अन्य वनस्पतीसही हेच नाव लावतात. म्हणून ओळख अंगलक्षणांवरूनच करावी. घाणेरीची खोडे चौकोनी, बहुधा बारीक वाकड्या काट्यांची, पाने खरखरीत, एकाच गुच्छात पिवळी व गुलाबी फुले, पिकलेली फळे काळसर जांभळी. ती पक्षी खातात व बी दूरवर नेतात. रानमोडीला काटे नसतात. तिच्या त्रिकोणी पानात तळापासून तीन ठळक शिरा निघतात. हिवाळ्यात फिकट फुले येतात आणि केसाळ बी वाऱ्यावर उडते. रानतुळशीच्या पुष्पकोशाचे पाचही दात सुईसारखे ताठ असतात. खऱ्या तुळशीत वरचा दात रुंद व गोलसर असतो.

हा केवळ शब्दच्छल नाही. जुलै २००५ मध्ये दासगावात दरड कोसळून प्राणहानी झाली. अशा उकरलेल्या, उघड्या उतारावर ही झुडपे त्वरेने पाय रोवतात. तेथे काय उपटावे आणि करवंद, धायटी, मुरुडशेंग यांतील काय राखावे, हे ठरविण्यापूर्वी झुडूप ओळखता आले पाहिजे. केवळ नावावर विसंबणारा कोयता आपलेच झुडूप तोडील आणि परक्यास तुळस समजून नमस्कार करील. शब्दांच्या अभ्यासकाने रानात एवढी सावधगिरी बाळगलीच पाहिजे.