परंडा, तोफा आणि २७ मिलिसेकंद

मी परंड्याचा, असं पुण्यात सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे पंढरपूरजवळ का?" नाही हो. परंडा म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, बार्शीहून एस्टीने जायचं. तिथे एक भुईकोट आहे. खंदक, दुहेरी तट, आणि बुरुजांवर उन्हात पडलेल्या तोफा. लहानपणी आम्ही त्या तोफांवर बसून बोरं खायचो.

गेल्या महिन्यात दोन दिवसांसाठी गावी गेलो होतो. सोबत प्रिंटाऊटचा गठ्ठा होता. आजी म्हणाली, "आरं, सुट्टीत बी कागदंच का?" तिला काय सांगणार? मी जिथे काम करतो तिथे दवाखान्यात वापरायच्या एका यंत्राचा कंट्रोलर तयार होतोय. टेस्टिंगमध्ये तो कंट्रोलर चार-पाच दिवसांतून एकदा, एकदाच, अडखळायचा. वॉचडॉग त्याला रिसेट करायचा आणि गाडी पुन्हा सुरळीत. सोमवारी रिपोर्टवर माझी सही हवी होती. वरिष्ठांचं म्हणणं, "रिसेट होऊन चालू होतंय ना? मग झालं तर!"

संध्याकाळी किल्ल्यावर गेलो, डोक्यात तेच. विजापूरची प्रसिद्ध 'मलिक-ए-मैदान' तोफ तुम्हाला माहीत असेल. १५४९ साली तेव्हाच्या अहमदनगरला ओतलेली, वजन सुमारे ५५ टन. ती आधी आमच्या परंड्यात होती, १६३२ मध्ये विजापूरला नेली. पण मला गंमत वाटते ती तोफ डागण्याच्या कामाची. बार झाल्यावर नळी ओल्या बोळ्याने पुसायची, मग दारू, मग गोळा. घाई केली आणि आत ठिणगी राहिली तर गोलंदाजच उडायचा. उशीर केला तर शत्रू खंदकापाशी. म्हणजे काम नुसतं बरोबर होऊन भागत नाही, ते वेळेत बरोबर व्हावं लागतं. आमच्या धंद्यात यालाच रिअल-टाइम म्हणतात. लोकांना वाटतं रिअल-टाइम म्हणजे सुपरफास्ट. तसं नाही. रिअल-टाइम म्हणजे दिलेली वेळ पाळणारं, आणि तेही सगळ्यात वाईट दिवशी.

हा सगळ्यात वाईट दिवस आधीच कागदावर कसा मांडायचा, याचा इतिहास मोठा मजेदार आहे, आणि त्यात मुंबईचाही वाटा आहे.

१९७३ मध्ये लिऊ आणि लेलँड या दोघांनी एक निबंध लिहिला. प्रोसेसर एक, ठरावीक अंतराने येणारी कामं अनेक. त्यांनी सांगितलं, जे काम जास्त वेळा येतं त्याला वरचा मान द्या. मग प्रोसेसरवरचा भार एका मर्यादेखाली असेल तर प्रत्येक काम वेळेत होणारच. तीन कामांसाठी ही मर्यादा सुमारे ७८ टक्के, आणि कामं कितीही वाढली तरी ६९ टक्क्यांच्या आसपास. छान! पण भार ९० टक्के असेल तर? तिथे ही मर्यादा गप्प बसते. जमेलही, नाहीही.

ही अडचण सोडवणारं एक सुबक उत्तर १९८६ मध्ये 'द कॉम्प्युटर जर्नल'मध्ये आलं. लेखक मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या. जोसेफ कित्येक वर्षं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. नंतर ते इंग्लंडात वॉरिक विद्यापीठात गेले, आणि पुढे पुण्यात टीसीएसच्या संशोधन केंद्राचे प्रमुख झाले. पंड्यांचं संशोधन टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलंच.

कल्पना अगदी घरगुती आहे. आजी भाकऱ्या करायला बसली, तोवर कुणी हाक मारली. ती उठली, काम लांबलं. लांबलेल्या वेळात आणखी एक हाक आली. काम आणखी लांबलं. हे कुठे थांबेल? नव्याने हाक येत नाही तिथे.

आकड्यांत बघू. पहिलं काम दर १० मिलिसेकंदांनी येतं, ३ खातं. दुसरं दर १५ ने, ४ खातं. तिसरं दर ३० ने, १० खातं, आणि त्याचा मान सगळ्यात खालचा. एकूण भार ९० टक्के. तिन्ही एकाच क्षणी उभी राहिली, म्हणजे सगळ्यात वाईट वेळ. तिसऱ्याला किती लागेल? आधी १० धरा. तेवढ्यात पहिलं एकदा, दुसरं एकदा घुसेल, झाले १७. पण १७ मध्ये दोन्ही दोनदा येतात, झाले २४. २४ मध्ये पहिलं तीनदा, झाले २७. २७ मध्ये नवीन कुणी येत नाही. उत्तर २७, मुदत ३०. पास! एवढंच. कॉलेजमध्ये हे आम्ही परीक्षेपुरतं घोकलं होतं.

यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात हे गणित पुष्कळ वाढवलं. कारण खऱ्या यंत्रात कामं एकमेकांसाठी अडूनही बसतात. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान असंच वारंवार रिसेट व्हायचं. खालच्या मानाच्या कामाने कुलूप धरून ठेवलेलं, वरचं त्याच्यासाठी ताटकळलेलं, आणि मधलंच तिसरं काम प्रोसेसर अडवून बसलेलं. यावरचा उपाय १९९० मध्येच छापून आला होता, यानाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोयही होती, फक्त ती बंद होती. पृथ्वीवरून ती चालू केली आणि काम झालं. विशेष म्हणजे तिथल्या इंजिनिअरांनी "रिसेट होतंय ना" म्हणून सोडून दिलं नाही, पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच दोष पुन्हा घडवून दाखवला.

असो. त्या रात्री ओसरीवर बसून मी आमच्या कंट्रोलरचं गणित मांडलं. आकडे वेगळे होते, पण समजायला वरचेच धरा. सगळ्यात वरच्या मानाच्या कामात कुणीतरी ईईप्रॉममध्ये नोंद लिहायचा कोड घातला होता. एरवी तो चालायचाच नाही, चार-पाच दिवसांतून एकदा चालायचा, आणि तेव्हा ४ मिलिसेकंद जास्त. २७ अधिक ४, ३१. मुदत ३०. नापास!

महिनाभर आम्ही सरासरी मोजत होतो. सरासरीत हे दिसणार कसं?

सोमवारी मी सही केली नाही. कागद पुढे ठेवला. वरिष्ठ चिडले, डिलिव्हरी आठवडाभर पुढे गेली, आणि "थिअरी जास्त झालीय याला" हेही ऐकून घेतलं. शेवटी ती नोंद बाकी सगळ्यांहून खालच्या मानाच्या एका वेगळ्या कामात हलवली, गणित पुन्हा केलं, टेस्ट पुन्हा लावली. आता बसतंय. मग सही केली.

गेल्या वर्षी आजी बार्शीला ॲडमिट होती, तेव्हा तिच्या उशाशीही असंच एक यंत्र होतं. आमचं नव्हे, दुसऱ्या कुणाचं. रात्रभर त्याचा हिरवा दिवा बघत बसलो होतो. त्याचं गणित कुणी मांडलं, कुणी सही केली, मला माहीत नाही. पण त्या रात्री मी त्या माणसावर विसंबून होतो.